झडपेवर बसलेला माणूस

आबा, मी नगरात एका छापखान्यात खिळे जुळवतो. हे तुम्हाला ठाऊक असण्याचे कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी मराठी सहावीत होतो, आणि पोरगा फायनल झाला की मास्तर नाहीतर तलाठी होणार असे तुम्ही साखर कारखान्यात भेटेल त्याला सांगत होता. फायनल राहिली. पण अक्षर चांगले होते आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकत नव्हते, एवढ्यावर या छापखान्याच्या मालकांनी मला ठेवून घेतले. इथे मला पंतोजी म्हणतात. कौतुकाने नव्हे. मी जुळवलेली ओळ स्वतःच तीनदा वाचतो, मग प्रूफ काढतो, मग तेही वाचतो, आणि तोवर मालक दारातून ओरडतात की पंतोजी, दिवाळी अंक गुढीपाडव्याला काढायचा का. चूक राहून गेली असे वाटले की मला झोप येत नाही. घरून निघताना कडी घातली की नाही हे पाहायला मी अर्ध्या वाटेतून परत जातो. आईला ते माहीत आहे. ती म्हणते, घातली हाय, जा.

श्रावणात आमच्याकडे लहान मुलांच्या एका पुस्तकाचे काम आले. चित्रे रंगीत आणि आधीच छापलेली होती. लढाईपासून कागद मिळत नाही, म्हणून मुंबईच्या कोण्या व्यापाऱ्याकडे पडून राहिलेले हे विलायती गठ्ठे मालकांनी आणले. प्रत्येक चित्राखाली कोरी जागा सोडलेली. तिथे आपल्या भाषेत दोन-तीन ओळी छापायच्या, टाचून विकायचे. मजकूर एका निवृत्त मास्तरांनी लिहून दिला. पुस्तक एका इंजिनाचे आहे. आपल्या कारखान्याच्या इंजिनासारखे, म्हातारीसारखे नव्हे, तिच्याही आजीच्या काळातले. आगगाडी म्हणजे काय हे लोकांना कळायच्या आधी तिकडे परदेशात जी पहिली-पहिली इंजिने झाली, त्यांतले एक. त्याचा बॉयलर रांजणासारखा उभा आहे. चार चाके, दोन गाड्या, गाड्यांत उंच टोप्या घातलेली माणसे, आणि रुळाच्या कडेला बुजलेली घोडी. इंजिन पिवळे-हिरवे रंगवले आहे. पहिले गठ्ठे सोडले त्या दिवशी मशीनवरची माणसेसुद्धा काम टाकून बघायला आली. मला ते पुस्तक फार आवडले, आबा. पहिली काही पाने मी जुळवली तेव्हा सारखे वाटत होते की हे तुम्हाला दाखवायला हवे होते. तुम्ही अक्षरे वाचली नसती, पण रांजणासारखा बॉयलर पाहून हसला असतात आणि म्हणाला असतात की ह्यात पाणी कुठून भरत्यात.

मग नववे पान आले. त्या पानावर इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला आहे. इंजिनाची जास्तीची वाफ ज्या झडपेतून बाहेर पडते, त्या झडपेच्या दांड्यावर तो बसला आहे. तोंड काजळीने काळे, अंगात पट्ट्यांचा सदरा, दोन्ही कानांत बोटे, आणि झडपेचा आवाज बंद झाला म्हणून तो हसतो आहे. दहाव्या पानावर पांढरा ढग आहे आणि ढगातून एक बूट आणि एक टोपी वर उडाली आहे. अकराव्या पानावर नवे इंजिन येते, लोक निशाणे हलवतात. मी त्या गर्दीतला एक-एक माणूस पाहिला. मागची बायका-मुलेसुद्धा पाहिली. आगवाला पुढे कुठल्याही पानावर नाही. नवव्या पानासाठी मास्तरांनी लिहिले होते: मूर्ख आगवाला झडपेवर बसला. त्याला वाटले, बरे झाले, कटकट गेली. आणि दहाव्यासाठी एकच शब्द, मोठ्या खिळ्यांत: भुस्स.

मी ती ओळ जुळवायला घेतली आणि माझा हात थांबला. मालकांना सांगितले की पोटात दुखते आहे. मालक म्हणाले, पंतोजींच्या पोटातही काना-मात्रा अडकली वाटते. सगळे हसले. मी घरी आलो.

कारखान्याचे ते दिवस मला सलग आठवत नाहीत. मिरजगावकडची जिराईत सोडून आपण कालव्याच्या पाण्यावर आलो, तेव्हा मी लहान होतो. आठवतो तो चाळीच्या मागून जाणारा छोटा रूळ, उसाच्या ट्रॉल्या, आणि त्या ओढणारी म्हातारी. कारखान्याने ती कुठल्याशा खडीच्या कामावरून जुनी विकत आणलेली होती. तिच्या धुराड्याला ठिगळ होते. तुम्ही तिचे आगवाले, आणि ड्रायव्हर तुमच्याहून मोठ्या पगाराचा असला तरी तिला काय होते आहे हे तो तुम्हालाच विचारी. घरी जेवायला बसला असलात आणि लांबून ती फुसफुसली की तुमचा घास थांबतो, मान जरा वाकडी होते, आणि मग तुम्ही पुन्हा जेवू लागता. आईने एकदा विचारले की भाकर सोडून काय ऐकताय. तुम्ही म्हणालात, "ती बोलती तवर घोर न्हाई. गप झाली की बघाया लागतं."

आणि शेंगांचा तो दिवस. आईने ओल्या शेंगा उकडत ठेवल्या होत्या आणि ती पाण्याला गेली होती. पातेल्यावरचे झाकण थडथडत होते. मी चुलीपुढे बसून पाढे पाठ करीत होतो आणि त्या आवाजाने माझे सारखे चुकत होते, म्हणून मी झाकणावर पाट्याचा वरवंटा ठेवला. आवाज बंद झाला. तुम्ही दारातून आत आलात, चपला न काढता तसेच चुलीपाशी गेलात, वरवंटा उचलून बाजूला ठेवलात आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातलात. तुम्ही मला एरवी मारत नसा. मी रडलो नाही, घाबरलो. मग तुम्ही खाली बसून मला समजावलेत. वाफेला वाट पाहिजे. तिची वाट अडवली तर ती दुसरी काढते, आणि ती कुठून काढील हे देवालाही सांगता येत नाही. कळलं का, म्हणालात. मी म्हणालो, कळलं. तुम्ही म्हणालात, "पुन्यांदा आसं करशील तर हात मोडीन." मग झाकण थडथडत राहिले आणि तुम्ही तिथेच बसून माझा तेराचा पाढा ऐकलात. तुम्हाला तो येत नव्हता. तरी शेवटपर्यंत मान डोलावीत ऐकलात.

म्हणून मला मास्तरांचा तो शब्द जुळवता येईना. तुम्हाला कळत नव्हते असे नाही. त्या सगळ्या कारखान्यात ते तुमच्याइतके कोणालाच कळत नव्हते.

दसऱ्याला हंगामाचा पहिला विस्तव पडतो. म्हातारीला धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या, धुराड्याला आंब्याचे डहाळे बांधले होते, पुढच्या दिव्याला कुंकू लावले होते. मोठे पाहुणे मुंबईहून येणार, नारळ फोडणार, हिरवे निशाण दाखवणार आणि म्हातारी पहिली खेप घेऊन निघणार, असे ठरले होते. शाळेच्या गुरुजींनी स्वागताचे पद रचले होते आणि ते म्हणायला मला निवडले होते. मी कधी शब्द गाळत नाही म्हणून. तुम्ही नगरच्या कापड बाजारातून माझ्यासाठी काळी टोपी आणलीत. ती मोठी होती. आईने आत वर्तमानपत्राची घडी घातली तरी ती कानांवर येत होती. तुम्ही म्हणालात, डोकं वाढंल की. त्या आठवड्यात तुम्ही माझ्याकडून ते पद रोज म्हणून घेत होता. तुम्हाला त्यातले संस्कृत शब्द कळत नव्हते, पण मी कुठे अडखळतो ते तुम्हाला पाठ झाले होते.

पाहुण्यांना फार उशीर झाला. तुम्ही सकाळीच वाफ धरून ठेवली होती, आणि निशाण पडले की गाडी हलली पाहिजे म्हणून विस्तव मोडता येत नव्हता. ऊन चढले, झेंडू मलूल झाला, म्हातारीची झडप मधूनमधून उचलत होती. अखेर मोटार आली. ड्रायव्हरला पाहुण्यांच्या हातून हार घ्यायचा होता, म्हणून तो उतरून रांगेत उभा राहिला. इंजिनावर तुम्ही एकटेच उरलात. मंत्र झाले, कोणी दोन शब्द बोलले, आणि मग गुरुजींनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केले. मी पहिले कडवे सुरू केले आणि झडप उचलली. ती उचलली की काय होते ते तुम्हाला काय सांगायचे. मला माझाच आवाज ऐकू येईना. मी थांबलो नाही, कारण गुरुजींनी सांगितले होते की काही झाले तरी थांबायचे नाही. समोर पाहुण्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, हात कानामागे नेला आणि मान पुढे केली. एवढेच. ते काही बोलले नाहीत. मी घाबरून तुमच्याकडे पाहिले. तुम्हीही त्यांच्या त्या हाताकडेच पाहत होता. मग तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. मग झडपेच्या दांड्याकडे वळून त्यावर दोन्ही हातांनी भार दिलात.

सगळे गप्प झाले. लांब कालव्यावर कोणी कपडे आपटत होते तेही ऐकू यायला लागले. माझा आवाज स्वच्छ, भिंतीवर लिहिल्यासारखा पुढे जात होता. दुसरे कडवे झाले, तिसरे झाले. तुम्ही दांडा सोडायला नको होता का, हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा मनात म्हटले आहे. दोन कडव्यांच्या मध्ये सोडता आला असता. पण मी मध्ये श्वासालाही थांबत नव्हतो. चौथ्या कडव्यात बॉयलरचे एक जुने बूच उडाले. आवाज फार मोठा झाला नाही. एक ढग आला आणि इंजिन दिसेनासे झाले. लोक पळाले, बैल दावी तोडून पळाले. बाकी कोणाला काही झाले नाही. ढग विरला तेव्हा माळा जागच्या जागी होत्या.

दवाखान्यात तुम्ही थोडेच दिवस होता. सगळे बांधलेले होते, बोलता येत नव्हते. आई उशाशी बसून होती. एकदा तुम्ही बांधलेला हात हळूहळू वर आणलात आणि कानामागे धरलात. नर्सबाईला वाटले कान दुखतो. तिने त्यात औषध सोडले. मला वाटले तुम्ही मला विचारता आहात. मी वाकून म्हणालो की ऐकू गेलं, आबा, सगळ्यांना ऐकू गेलं. तुम्ही तेच विचारत होता की खरेच कान दुखत होता, हे मला आजही माहीत नाही.

पुढे चौकशी झाली. ड्रायव्हरने सांगितले की आपण असे करायला सांगितलेले नाही. ते खरेच होते. कोणीच सांगितलेले नव्हते. आगवाल्याने अडाणीपणाने आपण होऊन केले, असे ठरले. चाळीतली माणसे वाईट नव्हती, आईला पीठ आणून देत होती. पण नळावर बोलायचीच. एकजण म्हणाला, "इतकी वर्सं वाफ खाल्ली, डोक्यात काय ऱ्हायलं आसंल?" दुसरा म्हणाला, आसा कसा बसला, म्हशीवर बसल्यावानी. तुम्ही बसला नव्हतात. उभे होता. मी घागर भरत होतो. मला ते सांगता आले असते, पण मग का उभे होता तेही सांगावे लागले असते. खोली रिकामी करायला सांगितली तेव्हा आम्ही नगरला मामांकडे आलो. तुमचे नाव निघाले की मामा म्हणत, माणूस भला हुता पर जरा येडा. आई भांडी घाशीत राही. मी समजत होतो की तिला काहीच माहीत नाही, तिला वाटते तुमचे खरेच चुकले. मला वाटायचे, ते तिच्यापासून लांबच राहिलेले बरे.

पोटदुखीच्या दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेलो आणि मास्तर प्रूफे पाहायला आलेले होते. चांगला माणूस आहे, मुलांवर जीव असलेला. मी त्यांना विचारले की नवव्या पानावरचा पहिला शब्द काढला तर चालेल का. त्यांनी चष्मा वर केला. म्हणाले, का रे, चुकला आहे का? मी म्हणालो, चुकला नाही. मग? मी विचारले, त्याला झडपेवर बसायला कोणी सांगितले होते का, मूळ पुस्तकात तसे काही आहे का. मास्तर हसले. "अरे, लहान मुलांचं पुस्तक आहे ते. त्यांना कोणीतरी हसायला नको का?" मालक आतून म्हणाले की मास्तर, आमचे पंतोजी आता आगवाल्याचं वकीलपत्र घेणार. मीही थोडे हसलो. न हसून काय करणार.

त्या संध्याकाळी मी रद्दीतला नवव्या पानाचा, खाली मास्तरांच्या ओळी पेन्सिलीने टिपलेला एक कागद घडी न घालता घरी नेला. का नेला ते मला सांगता येणार नाही. आई भाकरी थापत होती. मी कागद पेटीवर ठेवला आणि हात धुवायला गेलो, परत आलो तो ती पिठाचे हात अंगापासून लांब धरून वाकून चित्र बघत होती. आता तिला जवळचे नीट दिसत नाही, म्हणून फार वेळ बघत होती. तव्यावरची भाकरी करपायला लागली. मी म्हणालो, आई, ते असेच, मुलांचे पुस्तक आहे. कागद उचलू लागलो तर म्हणाली, ऱ्हाऊ दे. मग विचारले, "खाली काय लिवलंय?" मी वाचून दाखवले. एक शब्द गाळावा असे मनात आले होते, पण मी आजवर वाचताना शब्द गाळलेला नाही, म्हणून सगळे वाचले. चुलीपाशी गेली, भाकरी उलटली, करपलेली बाजू बघितली आणि आपल्या ताटात ठेवली. नंतर माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाली, "ह्येनं कानात बोटं घातल्यात. तुझ्या आबानं न्हवती घातली."

एवढेच बोलली. मी उभाच राहिलो. म्हणजे दांडा तुम्ही कशासाठी धरला ते तिला सगळी वर्षे माहीत होते. त्या गर्दीत बायकांच्या बाजूला तीही उभी होती, हे मी कधी लक्षातच घेतले नव्हते. मामा तुम्हाला वेडा म्हणत तेव्हा ती गप्प बसली, ती कोणाला जपायला, हे मला त्या भाकरीच्या धुरात कळले. तिने मला जेवायला वाढले. आम्ही दोघे जेवलो. त्याबद्दल पुन्हा बोललो नाही, आणि बोलू असे वाटत नाही.

सकाळी मी नववे पान जुळवले. मग मालकांकडे जाऊन सांगितले की ओळ लांब होते आहे, चित्राखालच्या जागेत बसत नाही, बारीक खिळे घेतले तर मुलांना वाचता येणार नाही, एक शब्द काढावा लागेल. मालक मशीन सुरू करायच्या घाईत होते. म्हणाले, काढा कुठला तो, मास्तरांना मी सांगतो. मी तो एक शब्द काढला. आता तिथे नुसते, आगवाला झडपेवर बसला, असे आहे. पुढची कटकटीची ओळ आणि दहाव्या पानावरचे भुस्स तसेच आहे. त्याला माझा इलाज नव्हता. चित्रातल्या माणसाला मी ओळखत नाही, त्याने कानांत बोटे का घातली हेही मला माहीत नाही, पण घरी त्याचे कोणी असेल. काल पुस्तके टाचून झाली. आता मुले ती वाचतील आणि नवव्या पानावर हसतीलच. ओळ बसत होती, आबा. मी ती आधीच जुळवून पाहिली होती आणि ती नीट बसत होती.

हे लिहून झाले की काय करायचे ते मी ठरवलेले नाही. तुम्ही आणलेली टोपी आईने पेटीत ठेवली आहे. आतली वर्तमानपत्राची घडी अजून तशीच आहे, आणि डोके वाढले तरी मी ती पुन्हा घातली नाही. कदाचित हा कागद त्याच घडीत ठेवीन. मी हे तीनदा वाचले आहे. चूक सापडली नाही, पण एक गोष्ट लिहायची राहिली आहे आणि ती राहिली तर मला झोप येणार नाही.

झडप बंद झाली तेव्हा तुम्ही काय केले आहे हे मला कळले होते. वरवंट्याचा दिवस माझ्या पाठीला आठवत होता. ती गप झाली की बघावे लागते, हेही आठवत होते. टोपी कानांवर आली होती तरी ती शांतता मला अगदी नीट ऐकू आली. आणि आबा, त्या क्षणी मला बरे वाटले. मला वाटले, आता माझे सगळे ऐकू जाईल.